उसनी वाटी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या छोट्या वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा टांगलेला आहे. कडेची पट्टी वाळवीनं खाल्लेली, खालच्या खिळ्याला फडकं अडकवलेलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या फळ्यावर रोज सकाळी 'आजचा सुविचार' लिहिणं हे माझं काम. पगार नाही, पण मान मोठा. रस्त्यानं जाणारा माणूस, शेव-उसळीच्या गाडीकडे वळता वळता का होईना, मान वर करून दोन ओळी वाचतोच.

मागच्या गांधीजयंतीला मी लिहिलं, 'जो बदल जगात पाहायचा आहे, तो आधी स्वतः व्हा.' खाली रेघ, रेघेपुढे 'महात्मा गांधी'. फळा आदल्या रात्री धुऊन ठेवला होता, त्यामुळे अक्षर खुलून आलं होतं. अकराच्या सुमारास आठवीतली एक मुलगी आली. शाळेत इंग्रजी, घरी मराठी, मैत्रिणींत गुजराती, असं बडोद्याचं नेहमीचं पोर. तिनं वहीत ओळ उतरवून घेतली आणि विचारलं, "बाई, हे कुठल्या पुस्तकात आहे? टीचरनी पान नंबर पण लिहायला सांगितलाय."

"आत्मकथेत असेल बघ," मी म्हटलं. पस्तीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या बाईचा आवाज माहिती नसली तरी खात्रीचाच निघतो.

आत्मकथेत ते नव्हतं. दोन दिवसांनी ती परत आली. मग मीही हट्टाला पेटले. एका जुन्या विद्यार्थ्यानं वाट दाखवली, गांधीजींच्या समग्र लेखनाचे गुजराती खंड चाळले, आणि जे हाती आलं त्यानं मी ओशाळलेच. फळ्यावर मी लिहिलेलं वाक्य त्या शब्दांत गांधीजींच्या लेखनात कुठेच नाही. त्याच्या जवळ जाणारा मजकूर आहे तो ९ ऑगस्ट १९१३ च्या 'इंडियन ओपिनियन' या साप्ताहिकात, दक्षिण आफ्रिकेत असताना गुजरातीत लिहिलेल्या आरोग्यविषयक लेखमालेत. आणि त्या दिवशीचा विषय कोणता? सर्पदंश! साप चावल्यावर काय करावं हे सांगता सांगता गांधीजी माणसाच्या भीतीकडे वळतात, मनातल्या वैराकडे वळतात, आणि म्हणतात की बाहेरच्या जगात ज्या वृत्ती दिसतात त्या सगळ्या आपल्या आतही आहेत. आपण बदललो तर जगाची आपल्याकडे बघण्याची तऱ्हाही बदलेल. तेव्हा दुसरे काय करतात याची वाट बघत बसायचं कारण नाही.

मुलीनं माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, म्हणजे फळ्यावर खोटं होतं?"

आता बडोद्याच्या मुलांच्या मराठीत 'खोटं' म्हणजे नुसतं 'चुकीचं'. गुजराती 'खोटुं' तसंच्या तसं आमच्या बोलण्यात शिरलेलं आहे. तिला मला लबाड म्हणायचं नव्हतं. पण शब्द मराठी कानावर पडला आणि मराठीतच लागला.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे, आणि ती केवळ माझ्या फळ्यापुरती नाही. दुसऱ्यांच्या शब्दांतून शहाणपण घ्यावं, हे आपण मुलांना रोज सांगतो. शाळेच्या भिंती, पुलाखालचे रंगवलेले खांब, दवाखान्याची प्रतीक्षा-खोली, पहाटे पाचला मोबाइलवर फुलासकट येणारे संदेश. इतकी सुवचनं एकाच वेळी डोळ्यांसमोर असण्याचा काळ यापूर्वी आलेला नसावा. आणि त्यांतली बहुतेक बेवारस आहेत. कोण बोललं, कुणाला बोललं, कशावरून बोललं, काही पत्ता नाही. माझं म्हणणं असं की सार्वजनिक जागी, म्हणजे शाळेत, वाचनालयात, पालिकेच्या भिंतीवर, दुसऱ्याचं वचन लिहायचं असेल तर त्याचा ठावठिकाणा त्याच्यासोबत लिहिलाच पाहिजे. आणि तो ठावठिकाणा सापडत नसेल तर ते वचन मोठ्या माणसाच्या नावावर खपवू नये. एवढीशी गोष्ट, पण तिला विरोध किती होतो हे मी गेले काही महिने अनुभवते आहे.

पहिला विरोध आमच्या वाचनालयाच्याच एका विश्वस्तांचा. "अहो बाई, विचार चांगला आहे ना? मग कोणी का म्हटलेला असेना! आंबा खायचा, झाडं कशाला मोजायची?"

हा मुद्दा मी उडवून लावत नाही, कारण त्यात आपली जुनी परंपरा बोलते आहे. जात्यावरच्या ओव्यांना कुणाचं नाव आहे? म्हणींना कुठला लेखक? सुभाषितांच्या संग्रहांत तर कितीतरी श्लोक निनावी. पण माझ्या आजीला येणाऱ्या म्हणी आठवून बघते तेव्हा एक गोष्ट ध्यानात येते. ती 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असं सकाळी उठून कधीच म्हणाली नाही. एकदाच म्हणाली, धाकट्या काकानं लग्नासाठी कर्ज काढायचं ठरवलं तेव्हा, आणि तेही तो ताटावर बसलेला असताना, वाढता वाढता, त्याच्याकडे न बघता. काका जेवण टाकून उठला. म्हणीला लेखक नव्हता, पण वेळ होती, माणूस होता, बोलणारीची पत होती. तीन पिढ्यांनी ती वापरून, घासून, खरी-खोटी करून पुढे दिली होती. शिवाय म्हणींचं एक बरं असतं: 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणणाऱ्या घरातच 'काटकसर करून कुणी श्रीमंत झालंय का' असं विचारणारंही कुणीतरी असतं, आणि दोघांना एकाच स्वयंपाकघरात राहायचं असतं. पहाटे पाचच्या संदेशाला यांतलं काहीच नसतं. तो कर्ज काढणाऱ्यालाही येतो, कर्ज देणाऱ्यालाही येतो, आणि दोघंही हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळे होतात.

आणि आपल्या संतांकडे बघा. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'जनी म्हणे', 'एका जनार्दनी'. नाव अभंगाच्या आतच विणलेलं आहे. पोथी फाटली, पान हरवलं, नुसतं गळ्यावर राहिलं तरी शब्द आपल्या धन्यासकट राहतो. छापखाना नसलेल्या काळात केलेली ही सोय आहे! पुढे लोकांनी आपले अभंगही 'तुका म्हणे' लावून गाथेत घुसवले, ही गोष्ट वेगळी. पण तसं करावंसं वाटलं याचाच अर्थ त्या दोन शब्दांना वजन होतं.

आमच्या वाड्यात लहानपणी एक रीत होती. शेजारून साखरेची वाटी उसनी आणली, तर ती कधी रिकामी परत करायची नाही. परत करताना साखर तर भरायचीच, वर आपल्याकडचं काहीतरी ठेवायचं: दोन लाडू, संक्रांत असेल तर हलवा, काहीच नसेल तर झाडाची चार फुलं. आणि वाटीच्या बुडाशी नाव कोरलेलं असायचं, म्हणजे कुणाची वाटी कुणाकडे आहे याचा घोळ होत नसे. दुसऱ्याच्या शब्दाचं मला असंच वाटतं. उसना घ्यायला हरकत काहीच नाही. उसनवारीशिवाय संसार आणि विचार, दोन्ही चालत नाहीत. पण वाटी कुणाची, ते विसरायचं नाही, आणि परत करताना तिच्यात आपलं काहीतरी असलं पाहिजे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्याच गावाशी बांधलेलं आहे. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे वचन १४ एप्रिलला बडोद्यातल्या किती फलकांवर दिसतं, मोजू नये. बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं ते इंग्रजी ब्रीद होतं, आणि १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत त्यांनी तेच शब्द पुन्हा उच्चारले. पण इंग्रजीतला क्रम वेगळा आहे. आधी शिका, मग 'ॲजिटेट', म्हणजे मनं चेतवा, घुसळून काढा, आणि मग संघटित व्हा. आपल्या मराठी घोषणेत चेतवण्याचा 'संघर्ष' झाला आणि तो शेवटी गेला. क्रम बदलला की अर्थ बदलतो. शिकलेल्या माणसाला आधी अस्वस्थ व्हायचं आहे आणि त्या अस्वस्थतेतून संघटना उभी राहायची आहे, ही त्या क्रमातली गोम मराठीत हरवते. नागपूरला या तीन शब्दांनंतर लगेच त्यांनी स्वतःवर विश्वास ठेवायलाही सांगितलं होतं. ते चौथं अंग फलकांवर क्वचितच येतं.

याहून गमतीची गोष्ट अशी की हे तीन इंग्रजी शब्द त्यांच्याआधीचे आहेत. १८८० च्या दशकात ब्रिटनमधल्या समाजवादी संघटनेच्या सभासदपत्रावर ते छापलेले होते. म्हणजे वाटी उसनी होती. मग ती परत कशी केली? त्यासाठी १९१७ सालचं बडोदं वाचावं लागतं. गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेलेला, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा तरुण करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला इथं आला, तेव्हा त्याला राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. ओळखीच्यांनी घरात घेतलं नाही. मुंबईची गाडी रात्री नऊला होती, तोपर्यंतचा वेळ त्यानं कमाटी बागेत बसून काढला. तिथं आपल्याला आई-वडिलांची आठवण आली, अनाथ लेकराला यावी तशी, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. ज्या बागेत आज आपण रविवारी मुलांना घेऊन जातो, ती हीच. त्या संध्याकाळची पानं वाचल्यावर 'शिका' हा शब्द पुन्हा वाचून बघा. इतकं शिकूनही गावात खोली मिळाली नाही, त्या माणसानं सात वर्षांनी 'शिका' हाच शब्द पहिला ठेवला. ब्रिटनमधल्या सभासदपत्रावर हा शब्द इतका जड नव्हता.

फलकावरच्या तीन शब्दांनी मला यांतलं काहीच सांगितलं नव्हतं. मी आमच्या शाळेत ते वचन किती वर्षं लिहिलं!

दुसरा विरोध जास्त अवघड आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ बायकोच्या आजारपणात तीन महिने दवाखान्याच्या फेऱ्या घालत होते. शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी असायची, घडीवर फाटत आलेली. एकदा औषधाच्या दुकानात पैसे काढताना ती खाली पडली, मी उचलून दिली. तिच्यावर तुकोबांची ओळ होती, 'मन करा रे प्रसन्न सर्व सिद्धीचे कारण'. बाकीचा अभंग त्यांना ठाऊक नव्हता. मी गाथा काढून ठेवली, ते न्यायला आले नाहीत. बायको घरी आली, त्यानंतरही आले नाहीत. त्यांचं अडलं काय? एका ओळीनं जे करायचं ते केलं. बुडत्याला दोरी हवी असते; ती कुठल्या गावची हे त्याला विचारणं क्रूरपणा आहे.

म्हणून मी खिशातल्या चिठ्ठीबद्दल बोलतच नाही. ज्याची त्याची चिठ्ठी. मी बोलते आहे भिंतीबद्दल. भिंत आपल्या सगळ्यांची असते, ती मुलांना शिकवत असते, आणि तिच्यावर लिहिलेल्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. शाळा मोठी, नाव नको. मुलांना आठ दिवस आधी विषय दिलेला. एकामागून एक मुलं येत होती आणि भाषण म्हणजे वचनांची माळ: सुरुवातीला श्लोक, मग विवेकानंद, मग आइनस्टाइन, मग कलाम, शेवटी एक शेर. एकच वाक्य दोन मुलांनी दोन वेगळ्या थोरांच्या नावावर म्हटलं आणि दोघांनाही सारख्याच टाळ्या पडल्या. एक मुलगा मात्र अडखळत, वचनं नसलेलं बोलला: त्याच्या आजोबांनी रेल्वेच्या कारखान्यातल्या संपात काय गमावलं ते. त्याला मी पहिला क्रमांक दिला, दुसऱ्या दोघा परीक्षकांनी सातवा. बेरजेत तो बसला नाही. मुलांचा दोष नाही. आपणच त्यांना शिकवलं की मोठ्या माणसाचं नाव घेतलं म्हणजे आपलं म्हणणं सिद्ध झालं. वचन इथं विचार सुरू करायला वापरलेलं नसतं, वाद बंद करायला वापरलेलं असतं. 'असं गांधीजींनीच म्हटलंय' म्हटल्यावर पुढे कोण बोलणार?

आणि हे बडोद्यात व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ बारा वर्षांचा होऊन १८७५ मध्ये इथल्या गादीवर दत्तक येईपर्यंत अक्षरओळख नसलेला पोर होता. पुढे सयाजीराव महाराज म्हणून त्यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला लावलं. आपला खासगी ग्रंथसंग्रह त्यांनी लोकांच्या लायब्ररीला देऊन टाकला. जिथं वाचनालय नव्हतं तिथं पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात. आणि गावाला वाचनालय हवं असेल तर रीत अशी होती की जितके पैसे गाव उभे करील, तितकेच प्रांत पंचायतीचे, तितकेच सरकारचे. मला या रीतीचं फार अप्रूप आहे. राजाला गावोगाव भिंतींवर सुवचनं रंगवून घेणं किती स्वस्तात पडलं असतं! त्यानं आधी गावाच्या खिशाला हात घालायला लावला. पदरचा पैसा गेला की माणूस पुस्तक उघडून बघतो.

याच गावानं आणखी एक काम केलं आहे, ज्याची इथल्या शाळांना खबर नसते. आमच्या विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. १९६० ते १९७५ या काळात तिचे सात खंड बाहेर पडले. चिकित्सक आवृत्ती म्हणजे काय, हे एकदा ते पान बघितल्याशिवाय कळत नाही. वर रामायणाच्या मोजक्या ओळी, आणि खाली, बारीक टायपात, कुठल्या लिपीतल्या कुठल्या पोथीत कोणता शब्द वेगळा आहे याच्या नोंदी. शारदा, नेवारी, बंगाली, मैथिली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, देवनागरी. माणसं वर्षानुवर्षं एकेका शब्दापुढे बसून विचारत होती: हे खरंच तिथं होतं, की मागाहून कुणी घातलं? आता 'जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी' ही ओळ घ्या. लंका सोन्याची असली तरी मला ती रुचत नाही, असं राम लक्ष्मणाला सांगतो, त्या श्लोकाचा हा उत्तरार्ध. आपल्याकडे शाळेच्या प्रवेशद्वारावर कमानीत हा असतोच, खाली 'रामायण'. बडोद्याच्या आवृत्तीच्या संहितेत तो श्लोक नाही. त्यामुळे ओळ कमी सुंदर होत नाही, जन्मभूमीही कमी प्रिय होत नाही. पण ज्या शहरात हे काम झालं, त्या शहरातल्या शाळेत तरी एखाद्या गुरुजींनी मुलांना कमानीखाली उभं करून हे सांगायला नको का? त्याहून मोठा धडा भाषेच्या तासाला कुठला मिळणार आहे?

इथं मला कुणी चिमटा काढील, आणि काढावा. नाव लिहिलं म्हणजे सत्य हाती आलं असं थोडंच आहे? खरंच नाही. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते, आणि महाराजांच्या काही भाषणांचे मसुदे त्यांनी लिहून दिलेले आहेत. १९०२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात महाराजांनी केलेलं भाषण त्यांतलंच. मग त्यातलं वाक्य फळ्यावर लिहिताना खाली कुणाचं नाव लिहू? मी दोन्ही लिहीन: बोलले महाराज, मसुदा अरविंदांचा. फळ्यावर जागा कमी पडेल, पडू दे. वाचणारा क्षणभर थांबेल आणि म्हणेल, अरे, असंही असतं का. थांबणं हाच तर सुविचाराचा हेतू.

तर माझं मागणं साधं आहे. शाळांनी सुविचाराखाली पुस्तकाचं नाव लिहावं, जमलं तर पान. आणि ते पुस्तक शाळेच्या कपाटात आहे का ते आधी बघावं. कपाटाला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे आहे तेही. पालिकेनं भिंती रंगवायच्या तर रंगाच्या खर्चात एखाद्या वाचनालयातल्या ग्रंथपालाचं मानधन बसतं का, याचा हिशेब करावा. आमच्यासारख्या मराठी वाचनालयांची तऱ्हा सांगायची तर वर्गणीदार म्हातारे, पुस्तकं त्यांच्याहून म्हातारी. मराठी शाळा कमी होत गेल्या, नातवंडं मराठी बोलतात पण वाचताना बोट फिरवतात. या मुलांच्या हाती मराठीतलं जे येतं, ते बहुधा एका ओळीचंच असतं, मोबाइलवरचं. तीच ओळ धरून त्यांना पानापर्यंत नेता येईल असं मला वाटतं. सर्पदंशाच्या लेखापर्यंत आम्ही दोघी गेलोच की.

गेल्या महिन्यात मी जरा खोडी काढली. फळ्यावर लिहिलं: 'अयं निजः परो वेति गणना लघुचेतसाम् । उदारचरितानां तु वसुधैव कुटुम्बकम् ॥' हा आपला, तो परका अशी मोजणी कोत्या मनाची माणसं करतात. उदार माणसांना सारी पृथ्वीच कुटुंब. आणि खाली ठावठिकाणा: 'हितोपदेश, मित्रलाभ. बोलणारा: क्षुद्रबुद्धी नावाचा कोल्हा.'

ती गोष्ट ज्यांना आठवते त्यांना हसू येईल. कोल्ह्याला हरणाचं मांस खायचं आहे. तो मैत्री करायला येतो. कावळा सावध करतो की ज्याचं कूळ-शील ठाऊक नाही त्याला थारा देऊ नये. तेव्हा कोल्हा चिडून हा श्लोक म्हणतो. हरीण विरघळतं, पुढे कोल्हा त्याला पिकानं भरलेल्या शेताची वाट दाखवतो, आणि शेताच्या मालकानं लावलेल्या फासात ते अडकतं. हाच श्लोक महोपनिषदातही आहे, तिथं तो आसक्ती सुटलेल्या माणसाचं वर्णन करतो. पहिल्या चरणातले एक-दोन शब्द वेगळे, बाकी सगळं तेच. एकाच्या तोंडी मोक्ष, दुसऱ्याच्या तोंडी जेवणाची तयारी.

संध्याकाळी विश्वस्त काका आले. फळ्यापुढे उभे राहिले, चष्मा वर केला, खाली केला.

"बाई, हे कोल्ह्याचं काय आहे?"

"पुस्तकात आहे, काका."

"असेल. पण फळ्यावर कशाला? इतक्या पवित्र वचनाखाली कोल्हा! लोक काय म्हणतील? उपनिषदाचं नाव घाला की, तिथंही आहे म्हणता ना."

"तेही घालते. कोल्हाही ठेवते."

ते काही न बोलता आत गेले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. मी उपनिषदाचं नाव वर लिहिलं, कोल्हा खाली तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर कुणीतरी 'कोल्हा' हा शब्द बोटानं पुसलेला होता, पण 'क्षुद्रबुद्धी' राहिलं होतं. वाचणाऱ्यांची आणखीच पंचाईत झाली असणार. त्या आठवड्यात चौघांनी हितोपदेश मागितला. आमच्याकडे मराठी भाषांतराच्या दोन प्रती आहेत, एकीला पुठ्ठा नाही. पुठ्ठ्याची प्रत आधी गेली, ती मुदत संपून तीन आठवडे झाले तरी परत आलेली नाही. कार्डावर नाव विश्वस्त काकांच्या नातवाचं आहे. दंडाची चिठ्ठी पाठवायची की नाही, ते पुढच्या सभेत त्यांनाच विचारणार आहे.